लोणार: दोनशे वर्षांच्या संशोधनाचा जमाखर्च

मेहकर आणि लोणार यांचं नातं कागदोपत्री अकबराच्या काळाइतकं जुनं आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर हे एक सरकार म्हणून येतं, आणि लोणारचा उल्लेख येतो तो मेहकरच्या हद्दीतलं ठिकाण म्हणून. तिथल्या तीर्थाचं माहात्म्य तो सांगतोच. पण काच आणि साबण करायला लागणारा माल इथल्या डोंगरात मिळतो आणि त्यावर सरकारला चांगला महसूल येतो, हेही तो आवर्जून नोंदवतो. पुढे निजामी आणि इंग्रजी अमदानीतही हा धंदा चालू होता. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर क्षाराचा पांढरा थर धरायचा. तो खरवडून, वाळवून, निवडून दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा प्रतींमध्ये विकला जायचा. कोणती प्रत साबणाला, कोणती बांगड्यांच्या काचेला, कोणती पापडाला, हे गोळा करणाऱ्यांना हाताने आणि जिभेने कळायचं. लोणारच्या पाण्यावरचा पहिला अभ्यास त्यांचा आहे, आणि तो कुठल्याही ग्रंथसूचीत नाही.

त्यानंतर भूशास्त्रज्ञ आले, रसायनतज्ज्ञ आले, सूक्ष्मजीवांचे अभ्यासक आले, चंद्र-मंगळाचे अभ्यासक आले, अभियंते आले आणि शेवटी वकील व न्यायमूर्तीही आले. मेहकरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या या एका खड्ड्यावर जेवढं लिहिलं गेलं, तेवढं विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्या जागेवर क्वचितच लिहिलं गेलं असेल. या साऱ्यातून काय पक्कं झालं, काय लोंबकळत राहिलं, आणि इथे राहणाऱ्या माणसाच्या हाती काय आलं, हे एकदा सलग मांडून पाहिलं पाहिजे. माझं मत आधीच सांगतो. प्रत्येक शास्त्राने आपापला तुकडा उत्तम अभ्यासला. या सगळ्या तुकड्यांना जोडणारी गोष्ट आहे पाणी, आणि त्या पाण्याचाच सलग हिशेब सर्वांत कच्चा राहिला.

जे. ई. अलेक्झांडर हे ब्रिटिश अधिकारी १८२३ मध्ये लोणारला आले आणि युरोपीय विज्ञानाच्या दप्तरात या सरोवराची नोंद झाली. पुढची दीडशे वर्षं एकच वाद चालला: हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा? वाद गैर नव्हता. सगळं दख्खनचं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचं. त्यात १.८३ किलोमीटर व्यासाचा, सुमारे दीडशे मीटर खोल, कडा उचललेला गोल खड्डा दिसला तर माणूस आधी ज्वालामुखीचं तोंडच म्हणणार. अमेरिकी भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या अशाच विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला दिला आणि कारण भूगर्भातलंच मानलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि रसायनतज्ज्ञ ख्रिस्ती यांनी १९१२ मध्ये लोणारवर सविस्तर प्रबंध लिहिला. त्यांचाही कल तिकडेच होता. एक अडचण मात्र सर्वांनाच बोचत असणार. दख्खनचा लाव्हा केव्हाच थंड झालेला, आणि हा खड्डा इतका ताजा की त्याच्या कडा अजून पुरत्या झिजलेल्या नाहीत.

१९६४ मध्ये लाफाँड आणि डिएत्झ यांनी उल्केची शक्यता उघडपणे मांडली. १९७२ मध्ये सागर विद्यापीठाच्या व्ही. के. नायक यांनी इथे सापडलेल्या काचसदृश खड्यांकडे लक्ष वेधलं. पक्का पुरावा आला तो १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात. स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेड्रिक्सन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम, अमेरिकी सर्वेक्षणाचे मिल्टन यांनी तळात बोअर घेऊन वर काढलेला खडक तपासला. त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. बेसॉल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज न वितळता, नुसत्या प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेसारखं होतं तेव्हा त्याला हे नाव देतात. खड्याचा बाहेरचा आकार जसाच्या तसा राहतो आणि आतली स्फटिकरचना पार विस्कटलेली असते. इतका दाब ज्वालामुखी देऊच शकत नाही. वाद तिथे संपला. बेसॉल्टमध्ये उल्केने झालेली विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी, आणि त्यांत लोणारइतकं नीट जपलेलं दुसरं नाही. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचाच असल्याने तिकडच्या खड्ड्यांचे नियम तपासायला जगभरचे अभ्यासक लोणारला येतात ते यामुळे.

वयाचा प्रश्न मात्र सुटता सुटत नाही. १९९७ मध्ये सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांनी काचेच्या खड्यांवरून ५२ हजार वर्षं हा आकडा दिला, सहा हजार इकडेतिकडे. पाट्यांवर, पुस्तकांत, गाइडच्या तोंडी हाच आकडा आहे. २०११ मध्ये जुर्दां आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून मोजणी केली आणि वय निघालं ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडेतिकडे. फरक दहापटीहून जास्त! पहिल्या पद्धतीत खनिजात साठलेली ऊर्जा मोजतात, आणि नंतरच्या उष्णतेने ती गळून गेली तर वय कमी दिसतं. दुसऱ्या पद्धतीत मूळ बेसॉल्टमधला जुना आर्गॉन काचेत अडकून राहिला तर वय जास्त दिसतं. जुर्दां यांनी या जुन्या आर्गॉनचा हिशेब वेगळा काढून दाखवला आहे, म्हणून मला त्यांचा आकडा अधिक भरवशाचा वाटतो. हा नुसता विद्वानांचा वाद नाही. वय पाच लाखांच्या घरात असेल, तर तळाखालच्या गाळात अनेक हिमयुगांमधल्या मान्सूनची नोंद दबून असण्याची शक्यता आहे. मग तिथे खोल बोअर घेणं हे देशाचं काम ठरतं.

त्या गाळाने काय दिलं, हे पाहिलं की लोणारची खरी किंमत कळते. सुष्मा प्रसाद आणि त्यांच्या भारतीय-जर्मन सहकाऱ्यांनी तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरोवराला बाहेर जायला वाट नाही. आत येतात ते पाऊस आणि झरे, बाहेर जाते ती वाफ. त्यामुळे पाऊस कमी पडला की पाणी दाट होतं. फारच दाट झालं की सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचे, गेलुसाइट नावाचे स्फटिक तळाशी बसतात. ज्या थरात हे स्फटिक, तो थर दुष्काळाचा. असे दोन लांबलचक कोरडे कालखंड सापडले: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिला कालखंड हडप्पा संस्कृतीच्या उतरणीच्या काळाशी जुळतो, म्हणून त्याची जगभर चर्चा झाली.

माझं लक्ष दुसऱ्याकडे आहे. ६०० वर्षांपूर्वी म्हणजे चौदाव्या शतकाच्या आसपास तो संपतो. लोणारच्या काठावरची बरीचशी जुनी देवळं चालुक्य-यादवांच्या काळातली, म्हणजे याच कोरड्या कालखंडातली. ज्यांनी ती बांधली त्यांच्या डोळ्यांसमोरचं सरोवर बहुधा आजच्यापेक्षा आक्रसलेलं असावं, आणि काठ आजच्यापेक्षा आत. हा माझा तर्क आहे, पण गाळाचे अभ्यासक आणि मंदिरांचे अभ्यासक एकत्र बसले तर तो तपासून पाहता येईल. आज काठावरच्या देवळांत पाणी शिरलं की ते कुठल्या तरी नव्या बिघाडाचं लक्षण मानलं जातं. त्याचा निवाडा करण्याआधी हा तपास व्हायला हवा.

जीवशास्त्राची कामगिरी सर्वांत भरघोस आहे. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्याइतका. त्यात मासे टिकत नाहीत, पण सूक्ष्मजीवांची दाटी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रज्ञा कानेकर आणि सहकाऱ्यांनी, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने, हैदराबादला एस. शिवाजी यांच्या गटाने इथले जिवाणू वेगळे केले, वाढवले, त्यांची जनुकं वाचली. २०१० मध्ये इंडिबॅक्टर अल्कलिफिलस ही नवी प्रजातीच नव्हे तर नवा वंशच लोणारच्या नमुन्यातून नोंदला गेला. मिथाइलोफेगा लोनारेन्सिस या जिवाणूच्या नावात तर गावच आहे. मिथेन तयार करणारे आणि मिथेन खाणारे, दोन्ही प्रकारचे जीव तळाच्या चिखलात एकत्र नांदतात, हे शौचे आणि इंग्लंडमधल्या मरेल यांच्या गटांनी दाखवलं.

उपयोगाची वाटही इथूनच फुटते. क्षारात टिकणारी प्रथिनभंजक विकरं कपडे धुण्याच्या पावडरीत चालतात, चामड्यावरचे केस काढायला चालतात. लोणारच्या हॅलोमोनस कॅम्पिसॅलिस जिवाणूपासून कुजणारं प्लॅस्टिक बनवता येतं, हे आघारकर संस्थेने प्रयोगशाळेत करून दाखवलं. जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी इथे खऱ्या अर्थाने भेटतात. प्रयोगशाळेतली बाटली आणि कारखान्यातली टाकी यांच्यातलं अंतर मात्र फार मोठं आहे. लोणारच्या बाबतीत ते कापण्याचं काम अजून व्हायचं आहे.

इथेच कायद्याचा एक प्रश्न उभा राहतो आणि त्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. नवा जिवाणू अधिकृत ठरवायचा तर त्याचा मूळ नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे लोणारचा जीव जगात कुणालाही मागवता येतो. विज्ञानासाठी हे योग्यच. पण २००२ च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीव हीसुद्धा जैवसंपत्ती आहे, आणि तिचा व्यापारी वापर झाला तर लाभाचा वाटा स्थानिकांपर्यंत पोचावा, अशी तरतूद आहे. गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकनोंदवह्या त्याचसाठी. या नोंदवह्यांत सहसा झाडं, पिकं, औषधी वनस्पती, जनावरं लिहिली जातात. लोणारच्या नोंदवहीत डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवांना ठळक जागा मिळाली पाहिजे. उद्या एखाद्या विकरावर कारखाना उभा राहिला तर दावा त्या नोंदीवरच टिकेल. राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपूरलाच आहे. लांब जायला नको.

२०२० च्या जून महिन्यात सरोवर गुलाबी झालं आणि वेगवेगळी शास्त्रं एका काठावर आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर लोणारच्या संवर्धनाची जनहित याचिका २००९ पासून चालू होती, त्यामुळे कारण शोधण्याचा आदेश तिथूनच निघाला. नागपूरच्या नीरी संस्थेने आणि आघारकर संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आणि त्यांच्यातलं गुलाबी रंगद्रव्य हे कारण निघालं. उन्हाळ्यात वाफ होऊन पाणी आटलं, क्षार वाढले आणि हे जीव बेसुमार वाढले. पाऊस आल्यावर पाणी पातळ झालं, जीव तळाशी बसले, रंग गेला. इराणमधल्या उर्मिया सरोवरातही असंच होतं. या तपासाचं मला मोल वाटतं, कारण प्रश्न लोकांचा होता, विचारलं न्यायालयाने, उत्तर दिलं प्रयोगशाळेने, आणि तेही लोकांना समजेल अशा बोलीत वर्तमानपत्रांपर्यंत आलं. दोनशे वर्षांत असं फार कमी वेळा घडलं आहे.

वैद्यकाच्या खात्यात मात्र जमेची बाजू तोकडी आहे. लोणारच्या पाण्याने त्वचेचे विकार जातात असा समज जुना आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि तेच तिचं संरक्षण. दहा सामूचं पाणी ते संरक्षण धुऊन काढतं, म्हणून खरूज-गजकर्णावर हे पाणी चोळू नये हेच बरं. इथल्या जिवाणूंपासून औषधं मिळतील असे दावे अधूनमधून छापून येतात. काचेच्या बशीत जंतू मरणं ही औषधाची पहिली पायरी असते, आणि पुढच्या पायऱ्यांना वर्षं लागतात. लोणारमध्ये वैद्यकाने विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते साधा आहे: गावाचं सांडपाणी ज्या पाण्यात उतरतं, त्याच्या आसपास आंघोळ करणाऱ्यांच्या, विहिरीचं पाणी पिणाऱ्यांच्या आरोग्याचं काय?

असा प्रश्न कसा विचारावा, याचं ताजं उदाहरण लोणारच्याच जिल्ह्यात आहे. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मूठमूठ गळायला लागले, काहींचं तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. आधी पाण्यावर संशय, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. डॉ. हिम्मतराव बावस्कर गावांत गेले. रक्त, लघवी, केस यांच्या नमुन्यांत सेलेनियम फार वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं त्यांना आढळलं, आणि त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. महाडसारख्या ठिकाणी राहून विंचूदंशावर प्रॅझोसिनचा उपचार ‘लॅन्सेट’पर्यंत नेणाऱ्या डॉक्टरांची ही जुनीच रीत: रोग्याच्या घरात जायचं, तो काय खातो-पितो ते पाहायचं, नमुना बांधून घ्यायचा. केस गळण्यामुळे मुलींची लग्नं अडली, मुलं शाळेत जाईनात, ते सगळं त्या अभ्यासाच्या आत होतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार वर्षानुवर्षं आहे. तिलाही असाच चिवट पाठपुरावा हवा आहे.

कायद्याकडे वळलं तर लोणारवर संरक्षणाचे थर एकावर एक चढलेले दिसतात. १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक. २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य. देवळांवर पुरातत्त्व खात्याचा ताबा आणि त्यांच्याभोवती शंभर मीटर बांधकामबंदी. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर पाणथळ, नांदूर मध्यमेश्वरनंतर राज्यातलं दुसरं. नैसर्गिक संपत्तीचं सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात १९९६ मध्येच सांगून ठेवलं आहे. खंडपीठाच्या आदेशांमुळे सांडपाणी, अतिक्रमण, वेडी बाभूळ या बाबी हलल्या हे मान्य करायला हवं. पण हे सगळे कायदे पक्ष्यांना, झाडांना, देवळांना, पाण्याला वाचवणारे. दगड वाचवणारा कायदा यात नाही. मॅस्केलिनाइट असलेला खडा किंवा उल्कापाताने उडालेला काचेचा थेंब कुणी खिशात घालून नेला तर अभयारण्याच्या हद्दीबाहेर त्याला अडवायचं कशाच्या आधारे? विवरातून उडालेला ढिगारा तर हद्दीच्या पलीकडे शेतांमध्ये पसरलेला आहे. भूवारसा स्थळांसाठी केंद्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्याचा कायदा व्हावा आणि लोणार त्यात सर्वांत आधी यावं.

आता पाणी. कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर सगळ्यांनी पाहिलेली असते: एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं. यात्रेकरू चमत्कार म्हणून चव घेतात. भूजलाच्या अभ्यासकासाठी ती विहीर म्हणजे उघडं पडलेलं यंत्र आहे. विवराच्या भिंतीत लाव्हाचे पाच-सहा थर एकावर एक दिसतात. घट्ट काळ्या पाषाणातून पाणी झिरपत नाही, मधल्या भोकाभोकांच्या मांजऱ्या खडकातून आणि लाल थराच्या सांध्यावरून ते आडवं वाहतं आणि भिंतीत झरा होऊन फुटतं. ‘धार’ या झऱ्याचं बारमाही पाणी असंच येतं. गोमुखातून पडणाऱ्या त्या पाण्याखाली बारा महिने माणसं आंघोळ करतात. म्हणजे सरोवरात येणारं पाणी केवळ विवराच्या आतल्या उतारावर ठरत नाही, कडेपलीकडच्या शिवारात किती मुरलं आणि किती बोअरने उपसलं, यावरही ठरतं. गोरो कोमात्सु आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये इथल्या ओहोळ-झऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो मंगळावरच्या विवरांतल्या पाण्याच्या खुणा समजाव्यात म्हणून. त्या अभ्यासाची खरी गरज लोणार आणि मेहकर तालुक्यांना आहे.

२००० नंतरच्या दशकात ओरड होती की सरोवर आटतंय, आणि दोष बोअरवेलना दिला गेला. गेल्या काही वर्षांत ओरड उलटी आहे: पाणी वाढतंय, देवळं बुडतायत. दोन्ही वेळा कारणं चटकन सांगितली गेली. पाऊस वाढला, सांडपाणी वाढलं, पाणी अडवल्याने भूजल वाढलं, उपसा कमी झाला, यातलं प्रत्येक शक्य आहे आणि कदाचित सगळीच खरी आहेत. वाटा कुणाचा किती, हे ठरवायला पातळीची, पावसाची, झऱ्यांच्या प्रवाहाची, आसपासच्या विहिरींची एकाच पद्धतीने घेतलेली सलग नोंद लागते. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवले की एक मे महिन्यातला, दुसरा डिसेंबरातला, एक काठावरचा, दुसरा मध्यावरचा, एकात क्षारता एका मापाने आणि दुसऱ्यात दुसऱ्या. प्रत्येक गट आपल्या प्रबंधापुरते नमुने घेऊन गेला. त्यात त्यांची चूक नाही, संशोधनाचा पैसा तीन वर्षांपुरता मिळतो. पण पाणी गोडं झालं तर हे दुर्मीळ जीव जातील, आणि फार आटलं तर पक्षी जातील. पातळीची कोणती मर्यादा राखायची, हे अभियंत्याला आणि न्यायालयाला सांगणार कोण? गाळाचे थर सांगतात की सरोवर नेहमी हेलकावत आलं आहे. म्हणून एकच आकडा धरून तो टिकवण्याचा हट्ट चुकीचा ठरेल. किती हेलकावा स्वाभाविक आणि किती आपण घडवलेला, ही रेषा आखावी लागेल.

ती आखायला फार महागडं काही लागत नाही. सरोवरात एक पक्की पातळीपट्टी, धारेवर प्रवाह मोजायचा एक बांध, गावात एक पर्जन्यमापक, ठरलेल्या चार जागांवरून दर महिन्याला सामू आणि क्षारता, आणि विवराच्या कडेबाहेरच्या वीस-पंचवीस विहिरींची पावसाआधीची व नंतरची खोली. मेहकर आणि लोणारच्या महाविद्यालयांत भूगोल, रसायन, सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत, मुलं आहेत, आणि समृद्धी महामार्गामुळे पुण्या-नागपूरच्या प्रयोगशाळाही पूर्वीइतक्या दूर राहिलेल्या नाहीत. नीरी किंवा आघारकर संस्थेने उपकरणं तपासून द्यावीत, खंडपीठाने ही नोंद दरवर्षी आपल्यासमोर ठेवायला सांगावी, आणि तो तक्ता मराठीत धारेजवळच्या फलकावर लावावा. त्याच फलकावर विवराच्या वयाचे दोन्ही आकडे छापता येतील, ५२ हजार आणि ५ लाख ७० हजार, आणि कोणत्या पद्धतीने कोणता निघाला तेही.